तेवीस वादक, छत्तीस दिवस आणि एक कोरं पान : ‘रॅप्सडी इन ब्लू’च्या मूळ बँड-प्रतीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकन रचनाकार जॉर्ज गर्शविनची ‘रॅप्सडी इन ब्लू’ ही एकल पियानो आणि बँडसाठीची रचना बसवायची ठरली की आधी प्रत ठरवावी लागते, पियानोवादक मागाहून. बहुतेकांच्या कानात जी ‘रॅप्सडी’ बसलेली असते ती १९४२ साली छापलेली, पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठीची. तिच्यात व्हायोला, चेलो, बासून असा सगळा लवाजमा आहे. सॅक्सोफोन तीनच, तेही बाजूला बसवलेले. तिच्या आधी १९२६ची थिएटर-ऑर्केस्ट्राची प्रत आहे, आणि त्याही आधीची १९२४ची : एका नाचाच्या बँडसाठी, ठरावीक तेवीस माणसं नजरेसमोर ठेवून लिहिलेली. तिन्ही मांडण्या फर्डी ग्रोफे या एकाच माणसाच्या. गर्शविनने दोन पियानोंसाठी लिहून दिलं आणि वाद्यांत वाटणी ग्रोफेने केली.

हे प्रकरण १९२४च्या प्रतीचं आहे. ती अनेक दशकं बाजूला पडून होती. १९७६ साली संचालक मायकेल टिल्सन थॉमस यांनी गर्शविनने स्वतः वाजवून ठेवलेल्या १९२५च्या पियानो रोलभोवती (छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर नोंदलेलं वादन) जाझ बँड उभा करून ध्वनिमुद्रण केलं. १९८४ साली, साठ वर्षं झाल्याच्या निमित्ताने, संचालक मॉरिस पेरेस यांनी न्यूयॉर्कमध्ये, १९२४ साली ही रचना पहिल्यांदा वाजली तो अख्खा जुना कार्यक्रमच पुन्हा उभा केला. तिथून पुढे लहान वाद्यवृंद या प्रतीकडे वळू लागले. चोवीस माणसांत भागतं, म्हणजे सोपं आणि स्वस्त, असा एक समज त्यामागे असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. सिम्फनीच्या प्रतीत एखाद्याची चूक गर्दीत खपून जाते. इथे प्रत्येक ओळ एकट्याची आहे.

मूळ परिस्थिती

नाचाच्या बँडचा मालक-संचालक पॉल व्हाइटमन याने १२ फेब्रुवारी १९२४ साठी न्यूयॉर्कचा एओलियन हॉल घेतला. जाझ ही नाचघराच्या बाहेर, खुर्चीत बसून ऐकण्याची चीज आहे हे दाखवून द्यायचं, असा बेत. ४ जानेवारीच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये बातमी आली की गर्शविन या कार्यक्रमासाठी जाझ कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) लिहितो आहे. ती वाचली त्याच्या भावाने, आयराने. खुद्द गर्शविनने तोवर एक ओळही लिहिली नव्हती. त्याच्या हस्तलिखितावर तारीख आहे ७ जानेवारी. मध्ये त्याच्या एका संगीतिकेचं काम चालू होतं, आणि बोस्टनला जाताना आगगाडीच्या खडखडाटात रचनेचा आराखडा सुचला असं त्यानेच पुढे सांगितलं. ग्रोफे रोज गर्शविनच्या घरी जाऊन तयार झालेली पानं उचलून आणायचा. ग्रोफेचं काम ४ फेब्रुवारीला संपलं. कार्यक्रमाला उरले आठ दिवस.

एवढ्या घाईत पियानोचा भाग पुरता लिहून झालाच नाही. बँडच्या प्रतीत लांबलचक एकल पियानोच्या जागी ग्रोफेने पान कोरं सोडलं आणि व्हाइटमनसाठी सूचना लिहिली : मान हलेपर्यंत थांब. त्या दुपारी गर्शविनने त्या जागेत नेमकं काय वाजवलं हे कुणालाच सांगता येणार नाही. लिखित स्वरूप त्याने नंतर दिलं.

त्या घाईचे दोन परिणाम आजही वाजवणाऱ्याच्या गळ्यात येतात. पहिला, ग्रोफेने अमूर्त ‘वाद्यवृंदा’साठी लिहिलंच नाही, कोण काय वाजवू शकतो हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने त्या माणसांसाठी लिहिलं. दुसरा, एकल पियानो आणि बँड यांच्यातले सांधे कागदावर कच्चे राहिले. तालमी कोसळतात त्या याच दोन जागी.

तेवीस म्हणजे कोण

व्हाइटमनचा नेहमीचा बँड याहून लहान होता; या कार्यक्रमासाठी माणसं वाढवली. हिशेब असा : लाकडी वाद्यं आणि सॅक्सोफोन मिळून तीन वादक, दोन ट्रंपेट, दोन फ्रेंच हॉर्न, दोन ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि उभा बास आलटून-पालटून वाजवणारे दोघे, ड्रम आणि टिंपनीला (सुरात लावलेले मोठे नगारे) एक, बँजो एक, बँडमधले पियानो (आणि सेलेस्टा हे घंटांसारख्या आवाजाचं कळांचं वाद्य) सांभाळणारे दोघे, व्हायोलिन आठ. वर एकल पियानोवर गर्शविन. व्हायोला नाही, चेलो नाही. बँजो म्हणजे चार तारांचा टेनर बँजो, सी-जी-डी-ए असा लावलेला. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीत वाजतो तो नव्हे.

खरी गोम त्या पहिल्या तिघांत आहे. प्रतीत वाद्यांची यादी वाचली तर डोळे फिरतात : बासरी, ओबो, ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेट, आल्टो क्लॅरिनेट, बास क्लॅरिनेट, हेकलफोन, आणि सोप्रानिनोपासून बॅरिटोनपर्यंत पाच मापांचे सॅक्सोफोन. बारा वाद्यं, माणसं तीन. त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या रॉस गॉर्मनच्या वाट्याची. तो ओबोही वाजवायचा, हेकलफोनही, आणि सुरुवातीचा तो प्रसिद्ध क्लॅरिनेटही त्याचाच.

आज असे तिघे मिळणं जवळपास अशक्य. चांगला क्लॅरिनेटवादक आल्टो सॅक्सोफोन बरा वाजवतो. तोच माणूस ओबोही वाजवेल ही अपेक्षा धरू नये. एका रीडची (फुंकरीने कंपणारी बोरूची पट्टी) आणि दोन रीडची वाद्यं ओठांना वेगवेगळी सवय लावतात. एक धरली की दुसरी सुटते. म्हणून तीन वह्यांचे (एकेका वादकाच्या भागाच्या प्रतींचे) पाच वादक करणं हा व्यवहार्य मार्ग. पहिली वही तिघांत फोडावी : एकाकडे क्लॅरिनेटची सगळी भावंडं, दुसऱ्याकडे ओबो आणि हेकलफोनचे स्वर, तिसऱ्याकडे सोप्रानिनो आणि आल्टो सॅक्सोफोन. दुसरी आणि तिसरी वही आहे तशी ठेवता येते. हेकलफोन हे ओबोच्या खालच्या सप्तकातलं दुर्मीळ वाद्य. त्याचे थोडेच स्वर आहेत. ते इंग्लिश हॉर्नवर बसतात तिथे बसवावेत, त्याहून खाली गेले तर बास क्लॅरिनेटकडे द्यावेत. रंग बदलतो, पण त्यापायी कार्यक्रम अडवून धरण्यात अर्थ नाही.

फोडताना एक पथ्य पाळावं. तीन सॅक्सोफोन एकत्र येतात ते जथ्यासारखे वाजायला हवेत. त्या जागी कायम तेच तिघे असावेत. सोय म्हणून आळीपाळीने माणसं बदलली तर तिन्ही आवाजांची कंपनं जुळत नाहीत आणि लगेच कानाला खटकतं.

वाद्यबदलाला किती वेळ मिळतो हे पहिल्या तालमीआधी कागदावर मोजून ठेवावं. मिनिटाला ८० ठोक्यांच्या चालीत चार मात्रांची चार आवर्तनं म्हणजे १२ सेकंद. चाल १६० वर गेली की तेच सहा. सॅक्सोफोन गळ्यातल्या पट्ट्यातून सोडवून स्टँडवर ठेवायचा, क्लॅरिनेट उचलायची, तोंड लावायचं, याला सरावलेल्या माणसाला आठ सेकंद तरी लागतात. जिथे हिशेब बसत नाही तिथे आधीच्या दोन मात्रा शेजाऱ्याला द्याव्यात आणि दोघांच्याही प्रतीत पेन्सिलीने तसं लिहावं. स्टँड उजव्या हाताला, जमिनीत घट्ट, आणि वाद्यं ज्या क्रमाने लागणार त्याच क्रमाने लावलेले असावेत. तालमीत जमलेला बदल कार्यक्रमात फसतो तो बहुतेक वेळा रंगमंचावर खुर्च्या जवळ आल्यामुळे.

थंड वाद्याचा त्रास वेगळाच. एकल पियानो दीर्घकाळ वाजत राहतो, बँड गप्प बसतो, हॉलमध्ये वातानुकूलन जोरात. तेवढ्या वेळात स्टँडवरचा बास क्लॅरिनेट गार पडतो आणि पहिले काही स्वर खाली उतरून येतात. उपाय साधा : प्रवेशाच्या वीसेक सेकंद आधी वाद्य उचलून आवाज न करता आतून गरम श्वास सोडत राहायचं. रीड सुकू नये म्हणून तोंडातच.

सूर पियानोकडून घ्यावा, ओबोकडून नव्हे. हॉलच्या पियानोचा मधला ए सेकंदाला ४४० कंपनांवर लावला आहे की ४४२ वर हे आदल्या दिवशी विचारून ठेवावं. सेलेस्टा आणि (प्रतीत थोडा वेळ येणारा) अ‍ॅकॉर्डियन यांचा सूर जागेवर बदलता येत नाही. पियानो ४४० आणि अ‍ॅकॉर्डियन ४४२ असला तर दोन्ही एकत्र वाजताच लाटा ऐकू येतात. अशा वेळी अ‍ॅकॉर्डियनचे स्वर गाळलेले बरे.

पहिले काही सेकंद

सुरुवातीला क्लॅरिनेट खालच्या एफवर कंप धरते आणि तिथून अडीच सप्तकं चढून वरच्या बी-फ्लॅटला पोहोचते. गर्शविनने लिहिली होती ती सतरा स्वरांची सरळ तान. तालमीत गॉर्मनने गंमत म्हणून वरचा भाग मींडेसारखा ओढत नेला. गर्शविनला तो इतका आवडला की कार्यक्रमातही तसाच घे, आणखी ओढ, असं त्याने सांगितलं. आजच्या प्रत्येक क्लॅरिनेटवाल्याला निस्तरावं लागतं ते या थट्टेचं ओझं.

ही मींड तळापासून वरपर्यंत सलग नसते, आणि तशी करायला जाणं हीच सर्वांत मोठी चूक. वादकाच्या प्रतीप्रमाणे (बी-फ्लॅट क्लॅरिनेटचे स्वर ऐकू येतात त्यापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहितात, म्हणून एफ तिथे जी होतो आणि बी-फ्लॅट सी) खालच्या जीपासून मधल्या सप्तकाच्या डीपर्यंत बोटांची तान असते, हवी तर अर्ध्या स्वरांची, पण स्पष्ट. क्लॅरिनेटच्या दोन सप्तकांमधला सांधा याच टप्प्यात येतो आणि तिथे मींड घ्यायला गेलं की वाद्य किंचाळतं. खरी ओढ डीपासून वरच्या सीपर्यंत. तिथे बोटं छिद्रांवरून उचलायची नसतात, खालून वर एकामागून एक बाजूला सरकवायची असतात, म्हणजे छिद्र हळूहळू उघडतं.

मात्र नुसत्या बोटांनी ती गुळगुळीत होत नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी २००९ साली वादकांच्या तोंडातला अनुनाद वाजवता वाजवता मोजला. मींड घेताना अनुभवी वादक घसा आणि जीभ यांचा आकार बदलून तोंडातला अनुनाद वाजणाऱ्या स्वराच्या जवळ, जरा वर ठेवतात आणि स्वराला तो ओढून नेतो, असं त्यांना आढळलं. शिकवताना याचं सोपं रूप सांगता येतं. वरचा सी नेहमीच्या बोटांनी धरायचा आणि बोटं न हलवता केवळ जिभेच्या जोरावर तो जितका खाली नेता येईल तितका न्यायचा. दोन-तीन स्वर खाली गेला की मींडेची अर्धी तयारी झाली. मग बोटांचं सरकणं त्यात मिसळायचं. रीड नेहमीपेक्षा अर्ध्या नंबराने मऊ घेतली तर सोपं जातं, पण मऊ रीडवर वरचा सी पातळ आणि उतरलेला लागतो. त्यामुळे मींडेनंतर लगेच येणारी चाल त्याच रीडवर वाजवून बघितल्याशिवाय रीड ठरवू नये.

संचालकाने इथे हात राखावा. कंप सुरू करून देणं एवढंच त्याचं काम. मींड किती लांबवायची हे वादकाचं. वरच्या सीवर पोहोचल्यावर ठोका द्यावा, आधी नको. संचालकाने मोजून ठोका दिला की वादक घाईत वर पोहोचतो आणि पुढची चाल धापा टाकत सुरू होते.

पितळी वाद्यं आणि ताल

क्लॅरिनेटनंतर तीच चाल झाकलेल्या ट्रंपेटकडे येते. तिथे हार्मन म्यूट (ट्रंपेटच्या तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) लागतो, मधल्या नळीवर हात उघड-मीट करत ‘वा-वा’ काढणारा. आजकाल वादक त्याची नळी काढून ठेवतात. १९५० नंतरच्या जाझची ती सवय. इथे नळी आत हवीच, नाहीतर वा-वा उमटत नाही. त्याशिवाय सरळ म्यूट आणि ट्रंपेटच्या तोंडावर धरायची टोपी लागतात. म्यूट पडल्याचा आवाज शांत जागी शेवटच्या रांगेपर्यंत जातो, म्हणून खुर्चीखाली जाड कापड अंथरून त्यावर म्यूट ठेवावेत.

ट्यूबा हा इथे बासची जागा घेणारा, म्हणून नाचरा हवा. स्वर लिहिलेल्या लांबीपेक्षा आखूड, ठोक्यावर नेमका, मागे हवा ठेवून. सिम्फनीतला ट्यूबावाला स्वर पूर्ण लांबीचा धरतो आणि सगळा बँड चिखलात चालल्यासारखा होतो. त्याला कितीही सांगितलं तरी पहिल्या तालमीत हे जमत नाही. उभ्या बासवाल्याला शेजारी बसवून त्याच्या तारेच्या झटक्याबरोबर वाजवायला लावलं की जमतं.

बँजोचं काम ठोके टोकदार करण्याचं. त्याऐवजी गिटार चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. चालत नाही, कारण गिटारचा आवाज रेंगाळतो आणि बँजोचा लगेच मरतो. ग्रोफेची मांडणी त्या मरण्यावर उभी आहे. बँजो प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवू नये, बाजूला वळवावा. आवाज सरळ रेषेत जातो आणि पहिल्या काही रांगांना दुसरं काहीच ऐकू येत नाही.

ड्रमवाल्याला सेट बदलायला सांगावा लागतो. १९२४ मध्ये पायाने वाजवायच्या जोडझांजा अजून प्रचारात आल्या नव्हत्या. मोठा बास ड्रम, स्नेअर, टांगलेली लहान झांज, लाकडी ठोकळा, घंटिका आणि टिंपनी. सवयीने मोठ्या झांजेवर ‘टिंग-टिका-टिंग’ धरला की रचना वीस वर्षांनी पुढे सरकते आणि पियानोच्या बारीक आघातांवर झांजेची धूळ बसते.

याच जागी शैलीचा प्रश्न निकालात काढावा. जाझ म्हटलं की आठव्या भागाचे (अर्ध्या मात्रेचे) स्वर लांब-आखूड झुलवायचे, ही समजूत पुढच्या काळाची. १९२४च्या न्यूयॉर्कमधला हा बँड रॅगटाइमच्या (जाझच्या आधीची, सरळ ठोक्यांवर अवेळी जोर देणारी अमेरिकन शैली) जवळचा होता. आठवे भाग जवळपास समान आहेत, ठिपक्यांचे (दीडपट लांबीचे) स्वर ठिपक्यांसारखेच लिहिलेले आहेत, आणि जोर अनपेक्षित मात्रेवर येतो त्यातून झोका तयार होतो. तीन-तीन-दोन अशा गटांत विभागलेली आवर्तनं जागोजागी येतात. तिथे तीन-तीनची टोकं स्पष्ट पडली की काम झालं. सगळं झुलवलं तर ती टोकं बोथट होतात. याबाबत बँडमध्ये एकमत नसेल तर तालीम थांबवून ते करून घ्यावं. अर्धे झुलवतात आणि अर्धे सरळ वाजवतात, ही सर्वांत वाईट अवस्था.

पियानो आणि सांधे

गर्शविनचं वाजवणं ऐकता येतं, हे या प्रकरणाचं भाग्य. जून १९२४ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी व्हाइटमनच्या बँडबरोबर, आणि पुन्हा एप्रिल १९२७ मध्ये विद्युत तंत्राने त्याचं वादन तबकडीवर घेतलं गेलं. दुसऱ्या वेळी गर्शविन आणि व्हाइटमन यांच्यात वाद झाल्याने बँड चालवला नॅथॅनियल शिल्क्रेट यांनी. दोन्ही एका बारा इंची तबकडीच्या दोन बाजूंत बसवायची असल्याने सुमारे नऊ मिनिटांची, भरपूर कापलेली. पूर्ण रचना आज सोळा-सतरा मिनिटं चालते. म्हणून या तबकड्यांवरून रचनेची लांबी ठरवू नये. वाजवण्याची चाल मात्र घ्यावी. तो झपाझप वाजवतो, पेडल फार थोडं, रेंगाळणं कमी, डाव्या हाताचे ठोके कोरडे. मैफिलीतले पियानोवादक प्रत्येक चालीच्या शेवटी जो सुस्कारा टाकतात तो त्यात नाही.

पेडलचा मुद्दा बँडच्या प्रतीत अधिकच महत्त्वाचा. खाली चेलो-बासून नसल्याने पियानोच्या खालच्या स्वरांना आडोसा नाही. लांब पेडल घेतलं की ट्यूबा आणि डावा हात एकमेकांत मिसळून गढूळ होतात. बँडबरोबरच्या जागी पेडल प्रत्येक ठोक्याला बदलावं किंवा घेऊच नये.

शेवटाकडे, संथ भागानंतर, दोन्ही हातांत वाटलेले झपाट्याचे पुनरावृत्त स्वर येतात. ते मनगट ताठ करून वाजवले की अर्ध्यातच दंड भरून येतो. दोन्ही हात कळांच्या अगदी जवळ ठेवून, एक हात उठतो तिथेच दुसरा पडेल असे, आधी अर्ध्या वेगाने आणि हलक्या आवाजात बसवावेत. जोर फक्त गटाच्या पहिल्या स्वरावर. आवाज वाढवण्याची जबाबदारी तिथे बँडची असते, हे पियानोवादकाला आवर्जून सांगावं.

आता सांधे. कोऱ्या पानाचा वारसा असा की पियानोवादक एकटा मुक्तपणे वाजवत येतो आणि अचानक तेवीस जणांनी त्याच्याबरोबर, त्याच्या चालीत पाऊल टाकायचं असतं. तो शेवटच्या दोन आवर्तनांत मंदावतो, संचालक त्या मंदगतीत हात उचलतो, आणि पियानोवादकाच्या मनात पुढची चाल दुपटीची असते. बँड एका चालीत आणि पियानो दुसऱ्या. तीन-चार मात्रांत सावरतं, पण ऐकणाऱ्याला कळलेलं असतं.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करावेत. संचालकाने पियानोच्या प्रत्येक एकल भागाची शेवटची चार आवर्तनं पाठ करावीत. पान पाहत राहिला तर पियानोवादकाची बोटं दिसत नाहीत. पियानोवादकाने नवी चाल किती ठोक्यांची हे आधी सांगून ठेवावं आणि दर तालमीत तीच ठेवावी. स्फूर्ती एकल भागाच्या पोटात चालेल, शेपटीत नको. आणि मान हलवण्याची खूण खरोखर वापरावी : ती नव्या चालीतल्या एका ठोक्याच्या मापाची असावी, नुसता होकार नसावा. मान खाली जाते आणि वर येते त्या वेळात बँडला पुढचा वेग मिळतो. यासाठी पियानोवादक आणि संचालक एकमेकांना दिसले पाहिजेत. पियानोचं झाकण पूर्ण उघडलं की संचालक त्यामागे झाकला जातो; चौथरा हातभर पियानोच्या शेपटीकडे सरकवला की दोघांची नजर जुळते.

मधला संथ भाग, ई मेजरमधला, सगळ्यांना पाठ असलेला. सॅक्सोफोन आणि व्हायोलिन मिळून ती चाल गातात, आणि आतल्या आवाजांत अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणारी एक ओळ चालते. चाल सगळ्यांना माहीत असल्याने सगळे चालीच्याच मागे लागतात आणि ती आतली ओळ बुडते. ती ओळ वर आणली की संथ भाग आपोआप थोडा वेगाने पुढे सरकतो, कारण हालचाल तिच्यात आहे. आठ व्हायोलिनांचा आवाज तीन सॅक्सोफोनांपुढे टिकत नाही, म्हणून सॅक्सोफोन एक पायरी खाली. व्हायोलिनवाल्यांची संख्या सोय म्हणून चारवर आणू नये. चार वाजतात ते चार वेगळ्या माणसांसारखे, आठ वाजतात ते जथ्यासारखे.

तालमींचा क्रम

व्हाइटमनने आठ दिवसांत भागवलं, कारण त्याचा बँड रोज रात्री एकत्र वाजवत होता. एरवी अनोळखी माणसं गोळा करून चार तालमी धराव्या लागतात. पहिली फक्त रीडवाल्यांची, दोन तास : वाद्यबदल आणि सॅक्सोफोनचा मिलाफ. दुसरी पितळ, बँजो, बास, ड्रम आणि बँडचा पियानो. या तालमीत शैलीचा वाद संपवायचा. तिसरी सगळ्या बँडची, पण एकल पियानोच्या जागी फक्त सांध्यांची आवर्तनं वाजवणारा दुसरा कुणी. चौथी एकल वादकासह. उलट्या क्रमाने, म्हणजे पहिल्याच दिवशी पियानोवादकाला बोलावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत गेलं, तर तीन तास पियानो ऐकण्यात जातात आणि बँड कच्चाच राहतो.

पहिल्या तालमीआधी एक कारकुनी काम आहे आणि ते टाळलं की हटकून पस्तावायची पाळी येते. पियानोवादकाची प्रत बहुधा त्याच्या स्वतःची, कुठल्याशा जुन्या छपाईची असते; बँडच्या प्रती भाड्याने आणलेल्या, वेगळ्या संपादनाच्या. एकल भागातली कापाकापी आणि तालमीचे क्रमांक (प्रतीत छापलेले, कुठून सुरू करायचं हे सांगणारे) दोन्हींत जुळतीलच असं नाही. आवर्तनं मोजून दोन्ही प्रती ताडाव्यात, आणि पियानोवादकाच्या प्रतीत बँडचे क्रमांक लाल पेन्सिलीने घालावेत.

हक्कांचंही त्याच वेळी बघावं. अमेरिकेत ही कृती १ जानेवारी २०२० पासून सार्वजनिक मालकीची झाली. भारतीय कायद्यात मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गर्शविन १९३७ साली गेला, ग्रोफे मात्र १९७२ साली. म्हणजे सूर मोकळे झाले तरी बँडच्या मांडणीचा आणि नव्याने संपादित केलेल्या प्रतींचा प्रश्न वेगळा उरतो. प्रती पुरवणाऱ्या प्रकाशकाकडून लेखी घ्यावं.

एका माणसाकडे चार वाद्यं, हा प्रकार मुंबईला काही परका नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेले वादक १९३०-४० च्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचाच्या बँडांत आले, आणि तिथून हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत. चिक चोकलेट ट्रंपेट घेऊन, सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस वाद्यमांडणीची वही घेऊन. कागद समोर ठेवला की वाजवणारे आणि कोण काय वाजवतो हे ओळखून लिहिणारे, अशी ही जोडी ग्रोफे आणि व्हाइटमनच्या बँडसारखीच. व्हायोलिनची ओळ संपताच सॅक्सोफोन उचलणारी ती पिढी आता राहिली नाही. म्हणून मुंबईत ही प्रत बसवायची तर सॅक्सोफोनवाले लग्नाच्या आणि स्टुडिओच्या बँडांतून, ओबो-हॉर्न सिम्फनीच्या मंडळींतून असे दोन ठिकाणांहून गोळा करावे लागतात. पहिल्यांना कागद वाचायला वेळ लागतो, दुसऱ्यांना ताल सोडवत नाही. सगळ्या बँडला पहिल्या दोन तालमींत एकत्र न आणण्याचं हेही एक कारण.

शेवटच्या पानावर बँड पूर्ण ताकदीने सुरुवातीची चाल उचलतो आणि पियानोही वाजत असतो. तिथे पियानो ऐकू येत नाही, अशी तक्रार प्रत्येक ठिकाणी होते. लगेच माइक मागवू नये. आधी ट्रॉम्बोन आणि ट्रंपेटच्या घंटा (पसरट तोंडं) स्टँडच्या खाली वळवाव्यात, बास ड्रमला मऊ टोकाची काठी द्यावी, आणि लांब स्वर धरणाऱ्या प्रत्येकाने आघात जोरात करून लगेच एक पायरी उतरावं. पियानोचा आवाज आघातात असतो. बाकीचे आघातानंतर खाली आले की तो मधल्या फटींतून बाहेर पडतो. एवढं करूनही अपुरा पडला तरच एक माइक, झाकणाच्या आत, वरच्या तारांवर.